कळांचा इतिहास: कंट्रोल-सीपासून टॅबपर्यंत

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यावर कॉपी-पेस्ट नव्हतं. एका अ‍ॅपमधला ओटीपी उचलून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चिकटवणाऱ्या आपल्या पिढीला हे पटकन खरं वाटत नाही. पण २००९च्या जूनपर्यंत त्या फोनवर एखादा पत्ता इकडून तिकडे न्यायचा तर तो वाचायचा, लक्षात ठेवायचा आणि पुन्हा टाइप करायचा. गंमत म्हणजे कॉपी-पेस्ट ज्यांच्यामुळे घरोघरी पोचलं त्या लॅरी टेस्लर यांनी ॲपलमध्येच सतरा वर्षं काढली होती.

टेस्लर २०२०च्या फेब्रुवारीत गेले. तेव्हा ‘कॉपी-पेस्टचे जनक वारले’ अशी बातमी सगळीकडे फिरली, आणि ती बातमी लोकांनी कॉपी-पेस्ट करूनच फिरवली. त्यांच्याकडे येऊच. पण त्याआधी ‘शॉर्टकट’ या शब्दाबद्दल माझी तक्रार नोंदवतो. शॉर्टकट म्हटलं की वाटतं, खरा रस्ता माऊसचा आणि मेन्यूचा, आणि कळा दाबणं ही चलाख लोकांची पळवाट. इतिहास उलटा आहे. कळा आधी आल्या. माऊस आणि मेन्यू बऱ्याच नंतर.

किती आधी, ते कंट्रोल या कळीवरून कळतं. कॉम्प्युटरला पडदा नव्हता, टेलिप्रिंटर जोडलेला असायचा, त्या काळातली ही कळ. जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेरीत रात्रंदिवस खडखडत बातम्या छापणारं यंत्र असायचं, तसलंच. अशा यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणून अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ हे प्रमाण ठरलं आणि १९६७ साली ते सुधारलं गेलं. त्यात १२८ क्रमांक आहेत. त्यातले पहिले ३२ अक्षरांचे नाहीतच, ते यंत्राला दिलेले हुकूम आहेत. ७ म्हणजे घंटा वाजव. ८ म्हणजे एक घर मागे सरक. १० म्हणजे कागद एक ओळ वर घे. १३ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत ये.

आता हे हुकूम कीबोर्डवरून द्यायचे कसे? ३२ हुकमांना ३२ वेगळ्या कळा परवडणार नाहीत. म्हणून एकच कळ केली, कंट्रोल. ती धरून मोठ्या लिपीतलं अक्षर दाबलं की त्याच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. जी हे अक्षर ७१ नंबरचं, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि दूरच्या गावातल्या यंत्रातली खरीखुरी घंटा वाजायची. सी ६७ नंबरचं, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. तीनचा अर्थ: मजकूर संपला.

पुढे डीईसी कंपनीच्या कॉम्प्युटरांवर हाच तीन नंबर ‘चालू प्रोग्रॅम थांबव’ या अर्थाने वापरात आला आणि नंतर युनिक्सच्या जगातही रुळला. कोडिंग शिकताना तुमचा लूप कधी अनंत फिरला असेल तर तुम्हीही टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं असेल. म्हणजे टेलिप्रिंटरचा हुकूमच दिलात. हे निव्वळ अवशेष नाहीत, अजून जिवंत आहेत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय दाबून पाहा, टॅबचं काम होतं (७३ वजा ६४, नऊ). कंट्रोल-एम दाबा, एंटर होतं. मला पहिल्यांदा हे गणित उलगडलं तेव्हा जवळजवळ तासभर मी एकेक अक्षर दाबून बघत बसलो होतो.

मग पडदे आले, पण तारा तशाच संथ राहिल्या. १९७६ साली बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. घरून काम करायला त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरं. हिशेब करा: अख्खा पडदा पुन्हा रंगवायला एक मिनिटाच्या वर वेळ. अशा यंत्रावर लांबलचक आज्ञा कोण लिहील? म्हणून व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत. कर्सर हलवायला त्यात एच, जे, के, एल ही अक्षरं का, याचंही उत्तर साधं आहे. जॉयच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते. आज महागड्या लॅपटॉपवर एच-जे-के-एल वापरणारे आणि त्याचा थोडा तोरा मिरवणारे प्रोग्रॅमर (आमच्या ऑफिसात तिघं आहेत) त्या एका टर्मिनलची सवय पन्नास वर्षं जपत आले आहेत.

पण एकाक्षरी आज्ञांची एक किंमत असते. डी म्हणजे ‘खोडून टाक’ ही आज्ञा असेल, तर डी हे अक्षर लिहायचं कसं? त्यासाठी दोन अवस्था कराव्या लागतात, एक लिहिण्याची, एक हुकूम देण्याची. तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. विसरलात तर भोगा. व्हीआयच्या वंशातल्या ‘व्हिम’मधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

याच दुखण्यावर टेस्लर यांनी उभं आयुष्य घालवलं. १९७३ साली ते झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात दाखल झाले. हीच ती झेरॉक्स, जिचं नाव आपल्याकडे गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचं झालं. तिथे ‘ऑल्टो’ नावाच्या कॉम्प्युटरवर ‘ब्राव्हो’ हा एडिटर चालायचा. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचं ते काम, काळाच्या खूप पुढचं, पण अवस्थांनी भरलेलं. त्याची एक गोष्ट अजून सांगितली जाते. हुकमाच्या अवस्थेत आहोत हे विसरून कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की ई म्हणजे सगळा मजकूर निवड, डी म्हणजे तो खोड, आय म्हणजे आता नवं लिही, आणि उरलेला टी हा नवा मजकूर. सगळं दस्तऐवज जाऊन त्या जागी एकटा टी.

टेस्लर आणि टिम मॉट यांना काम मिळालं ते गिन अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेसाठी. ही शालेय पुस्तकं काढणारी संस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. तिथल्या संपादकांना कॉम्प्युटरवर आणायचं होतं. दोघांनी जे केलं ते आज डिझाइनच्या वर्गात शिकवतात, तेव्हा मात्र विचित्रच होतं. त्यांनी माणसाला कोऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, समजा इथे मजकूर आहे आणि त्यात दुरुस्ती करायची आहे, तर तुम्ही काय कराल? मला हे फार मोठं वाटतं. त्याआधी यंत्र काय मागतं ते माणसाने शिकायचं होतं. इथे कोऱ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारलं गेलं.

संपादक काय करणार, जे रोज करत होते तेच. कागदाची पट्टी कात्रीने कापायची, दुसरीकडे नेऊन डिंकाने चिकटवायची. ऑफसेटच्या दिवसांत मराठी दैनिकांच्या पेस्टिंग विभागातही ब्रोमाइडच्या पट्ट्या अशाच कापून पानावर चिकटवल्या जात. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द टेबलावरच्या त्या कात्रीचे आणि डिंकाचे आहेत. १९७५च्या सुमारास तयार झालेल्या ‘जिप्सी’ या एडिटरमध्ये अवस्था जवळजवळ नव्हत्या. अक्षर दाबलं की अक्षर उमटायचं, बस्स.

१९८० साली टेस्लर ॲपलमध्ये गेले. १९८३च्या ‘लिसा’ कॉम्प्युटरवर कट, कॉपी, पेस्टला एक्स, सी, व्ही ही अक्षरं मिळाली. एक्स म्हणजे खोडल्याची फुली, सी कॉपीचा, आणि व्ही म्हणजे ओळीत शब्द घुसवताना संपादक जी टोकदार खूण करतात ती उलटी. शेजारचा झेड चुका मागे घ्यायला. चारही कळा एका रांगेत, डाव्या हाताखाली, कारण उजव्या हातात माऊस आहे. म्हणजे ज्याला आपण माऊसला पर्याय समजतो तो कीबोर्डचा शॉर्टकट मुळात माऊसचा जोडीदार म्हणून बसवला होता.

ॲपलचा माऊसवर इतका जीव होता की १९८४च्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच ठेवल्या नाहीत. लोकांनी आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी निमूटपणे माऊस वापरावा म्हणून. दोन वर्षांनी, मॅक प्लसबरोबर, त्या परत आणाव्या लागल्या.

आयबीएमची तऱ्हा दुसरी. १९८०च्या दशकात कित्येक पीसींना माऊसच नव्हता. तो वेगळा विकत घ्यावा लागायचा. म्हणून आयबीएमने १९८७ साली ‘कॉमन युझर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली तेव्हा त्यात कीबोर्डला पक्कं स्थान होतं. एफ-१ म्हणजे मदत. आल्ट-एफ-४ म्हणजे खिडकी बंद. टॅबने एका चौकटीतून पुढच्या चौकटीत. मेन्यूतल्या शब्दांच्या एकेका अक्षराखाली रेघ, आल्टबरोबर ते अक्षर दाबलं की तो मेन्यू उघडणार. कॉपीला मात्र त्यांनी कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट दिलं होतं. विंडोजवर ते आजही चालतं. नंतर विंडोजने ॲपलची एक्स-सी-व्ही घेतली. ॲपलकडे त्यासाठी वेगळी कमांड कळ होती, पीसीकडे नव्हती. मग कंट्रोललाच जुंपलं. त्यामुळे टेलिप्रिंटरचा ‘मजकूर संपला’ आणि संपादकाचा ‘कॉपी’ हे दोन हुकूम एकाच जोडीवर येऊन बसले. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी का दाबावं लागतं, याचं मूळ इथे आहे. मॅकवाल्यांना हा ताप नाही.

आमच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये निम्म्या मशीनना चालू माऊस नसायचा, त्यामुळे आल्ट-टॅब आणि विंडोज-आर आम्ही गरजेपोटी शिकलो, वेग वगैरे डोक्यातही नव्हता. वेगाबद्दलचे दावे मी तेव्हापासून जरा सांभाळूनच ऐकतो. ॲपलच्या ब्रूस टोन्याझिनी यांनी १९८९ साली लिहिलं होतं की लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, पण स्टॉपवॉच माऊसच्या बाजूने कौल देतं. कारण कोणती कळ दाबायची हे आठवण्यात गेलेला वेळ आपल्याला जाणवत नाही. क्वचित लागणाऱ्या कळांबाबत मला हे पटतं. कंट्रोल-व्हीबाबत अजिबात नाही, ती आता आठवावी लागतच नाही.

आणि तसंही, सेकंद मोजण्यात खरा प्रश्न निसटतो. डॉसच्या काळात पडद्यावर नुसता मजकूर असायचा, तो वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दृष्टिहीनांना वापरता यायचं. टेड हेंटर हे मोटरसायकल शर्यतीतले खेळाडू. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली आणि ते प्रोग्रॅमिंगकडे वळले. त्यांच्या कंपनीने डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ साली काढला. मग विंडोज आलं. पडद्याचं चित्र झालं, आणि चित्रावर नेम धरायला डोळे लागतात. कित्येकांची नोकरी पणाला लागली होती. ती वाचायला मोठा आधार झाला तो माऊस न परवडणाऱ्यांसाठी घातलेल्या त्या कळांचा. टॅब, आल्ट आणि बाण यांनी पडद्याचा कोपरान् कोपरा गाठता येत होता, आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढंच हवं होतं. १९९५ साली विंडोजसाठी जॉज आलं. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ सुरू केलं. ते फुकट आहे. त्यात वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण.

वेब मात्र आमच्यासारख्यांच्या हातात पडलं. डिझायनरला कळफोकसची निळी चौकट कुरूप वाटते, म्हणून सीएसएसच्या एका ओळीने ती पुसतात, आणि टॅब दाबणाऱ्याला आपण कुठे आहोत ते दिसेनासं होतं. बटणाऐवजी ‘डिव्ह’ला रंग देऊन बटणासारखं सजवतात. माऊसला ते बटण वाटतं, टॅब त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातो. वेबच्या सुगम्यतेचे नियम २००८ साली नव्याने आले, त्यात सगळं काम कीबोर्डवरून होता आलं पाहिजे हे स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा.

माझ्या टीममधला एक सहकारी दृष्टिहीन आहे. पडदा काळा करून, एनव्हीडीएचा आवाज इतक्या वेगात लावून तो काम करतो की ती भाषा कोणती हेही मला कळत नाही. कोड वाचण्यात तो माझ्या पुढे आहे. मागच्या वर्षी एका परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना सव्वीस चौकटी त्याने टॅबने सरसर पार केल्या आणि जन्मतारखेपाशी अडकला. तिथे टाइप करता येत नव्हतं, चित्रातल्या कॅलेंडरवर क्लिकच करायचं होतं. दोनदा मागे-पुढे जाऊन त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “जरा क्लिक कर रे,” म्हणाला. मी तारीख निवडून दिली. पुढचा अर्ज त्याने पुन्हा एकट्याने भरला.

नंतर मी त्या पानाचा कोड ब्राउझरमध्ये उघडून पाहिला. कॅलेंडरचा प्रत्येक दिवस म्हणजे एक डिव्ह होता. तीन रोमन अक्षरं खोडून तिथे ‘बटन’ची सहा लिहायची आणि थोडं सीएसएस नीट करायचं, इतकंच काम होतं. अर्जाच्या तळाशी दिलेल्या ई-मेलवर तसं कळवलं. या वर्षीचा अर्ज सुरू झाला तेव्हा दोघांनी मिळून उघडला. त्याने टॅब दाबत जन्मतारखेपर्यंत मजल मारली, थांबला, आणि खुर्ची वळवली.