मेवात : परगण्यांपासून जिल्ह्यापर्यंत

दिल्लीच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर असलेले नूह हे आज हरियाणातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. ४ एप्रिल २००५ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा त्याला ‘मेवात’ हे नाव देण्यात आले. २०१६ मध्ये ते बदलून ‘नूह’ करण्यात आले. वरवर पाहता हा केवळ नामांतराचा तपशील वाटतो. परंतु या प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास पाहिल्यास दुसरे नाव पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे म्हणावे लागते. मेवात हा एक प्रदेश आहे, तर २००५ चा जिल्हा हा त्या प्रदेशाचा एक तुकडा आहे. हा तुकडा कसा पडत गेला, याचा विचार उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. कारण त्यातील एक महत्त्वाची फाळणी शिंद्यांच्या सत्तेच्या अस्ताबरोबर झालेली आहे.

प्रथम भूमीचा विचार करणे इष्ट ठरेल. अरवलीच्या उत्तरेकडे निमुळत्या होत गेलेल्या रांगा या भागातून दक्षिणोत्तर धावतात. पश्चिमेकडील तावडूचे पठार उंचावर आहे. पूर्वेस नूह, नगीना, पुन्हाना हा सखल भाग पसरलेला आहे. दक्षिणेस फिरोजपूर झिरका डोंगराच्या कुशीत वसले आहे. त्याच्या नावातील ‘झिरका’ हा शब्द डोंगरातून झिरपणाऱ्या झऱ्यावरून आला आहे. सखल भागातील पाण्याला बाहेर पडण्यास पुरेशी वाट नाही. पावसाळ्यात डोंगरावरून आलेले पाणी कोटला येथील विस्तीर्ण खोलगट भागात साचते आणि उन्हाळ्यात तो भाग कोरडा पडतो. डोंगराच्या पायथ्याशी विहिरींना गोडे पाणी लागते, परंतु जसजसे मैदानात उतरावे तसतसे ते खारे होत जाते. या खाऱ्या पाण्याचाही एकेकाळी उपयोग होता. नूह परिसरातील विहिरींचे पाणी उन्हात आटवून मीठ तयार केले जाई आणि त्याचा व्यापार चाले. १८७० मध्ये इंग्रज सरकारने सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतले; तेथील अधिक चांगले मीठ रेल्वेने सर्वत्र पोहोचू लागले आणि नूहचा मिठाचा धंदा बसला. खारे पाणी मात्र राहिले.

या भूमीवर वसलेला मेव समाज इस्लामधर्मीय असून त्याची सामाजिक रचना गोत्रांवर उभी आहे. बारा पाल आणि बावन्न गोत अशी तिची परंपरागत मांडणी सांगितली जाते. डहंगल, छिरकलोत, डैमरोत, दुलोत, पुंडलोत ही त्यांपैकी काही पालांची नावे. पाल म्हणजे केवळ कुळ नव्हे. प्रत्येक पालाचा गावांचा समूह ठरलेला असतो, त्याचा चौधरी असतो आणि तंट्यांचा निवाडा त्याच्या पंचायतीत होतो. लोकांच्या मनातील मेवातचा नकाशा हा पालांचा नकाशा आहे. महाराष्ट्रातील देशमुखी वतनाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु देशमुखाला सत्तेची सनद लागे. पालाच्या चौधरीचा अधिकार प्रामुख्याने भाऊबंदकीतून येतो. म्हणूनच वरची राज्ये बदलली तरी ही रचना टिकली.

दिल्लीच्या सत्तेचा या प्रदेशाशी असलेला संबंध आरंभापासून संशयाचा होता. तेराव्या शतकात मेवातींच्या भयाने दिल्लीचे पश्चिमेकडील दरवाजे दुपारच्या नमाजानंतर बंद करावे लागत, असे इतिहासकार बरनी सांगतो. बल्बनने राजधानीभोवतीचे जंगल तोडून ठाणी बसवली ती याच कारणासाठी. पुढे फिरोजशाह तुघलकाच्या काळात उदयास आलेल्या बहादूर नाहरच्या वंशजांनी, म्हणजे खानजादांनी, मेवातला स्वतःचे राज्य दिले. कोटला हे बहादूर नाहरचे ठाणे होते. या घराण्यातील हसनखान मेवाती १५२७ मध्ये खानव्याच्या रणांगणावर राणा संगाच्या बाजूने लढताना मारला गेला आणि मेवातची एकसंध राजकीय सत्ता संपली.

अकबराच्या काळात जी व्यवस्था लागली तिचे चित्र ‘आईन-ए-अकबरी’त मिळते. फिरोजपूर, कोटला, नगीना, पिनंगवान, साक्रस हे महाल तिजारा सरकारात व पर्यायाने आग्रा सुभ्यात होते. तावडू आणि सोहना हे रेवाडी सरकारात, म्हणजे दिल्ली सुभ्यात होते. डोंगराच्या दोन अंगांना दोन सुभे, अशी ही वाटणी होती. महसुलाच्या दृष्टीने ती सोयीची असेल; परंतु डोंगरावर पडणारे पाणी एका सुभ्यातून दुसऱ्यात उतरत होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

अठराव्या शतकात या भागावर भरतपूरचे जाट, नंतर मिर्झा नजफखान आणि १७८४ मध्ये महादजी शिंदे वकील-इ-मुतलक झाल्यावर मराठे, असे क्रमाने वर्चस्व आले. मराठ्यांचा येथील कारभार हा मुख्यतः ‘जायदाद’ पद्धतीचा होता. फौजेचा खर्च भागवण्यासाठी सरदाराला मुलूख तोडून द्यायचा आणि वसुली त्याच्यावर सोपवायची, असे तिचे स्वरूप होते. शिंद्यांचे सरदार अप्पा खंडेराव यांनी १७९३ च्या सुमारास जॉर्ज थॉमस या आयरिश शिपायाला चाकरीस ठेवले आणि पलटणीच्या खर्चासाठी तिजारा, टपूकडा आणि फिरोजपूर हे मेवातमधील तीन परगणे नेमून दिले. थॉमसच्या आठवणींवरून फ्रँकलिनने लिहिलेला चरित्रग्रंथ १८०३ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. तिजाऱ्याजवळ मुक्काम पडताच पहिल्याच रात्री छावणीच्या मध्यभागातून घोडा चोरीस गेला, असे त्यात नमूद आहे. पाठोपाठ मेवांशी लढाई होऊन थॉमसची बरीच माणसे कामास आली आणि अखेर एक वर्षाचा सारा देण्याच्या बोलीवर तडजोड झाली. जायदाद पद्धतीचे मर्म या प्रसंगात दिसते. ज्याला मुलूख नेमून दिला त्याला तो आधी जिंकावा लागे, आणि जिंकूनही हाती येई ती केवळ वसुली. चौकी, दप्तर, न्याय यांची घडी बसवण्याइतकी उसंत कोणालाच नव्हती. मराठी सत्तेला या भागात ती मिळाली असती तर काय घडले असते, हा प्रश्न निरर्थक आहे. पण ती मिळाली नाही, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

१ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवर प्रदेशातील लासवारी येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा लेकने पराभव केला आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा मुलूख शिंद्यांच्या हातून गेला. यमुनेच्या पश्चिमेस प्रत्यक्ष कारभार वाढवण्याची कंपनीची तेव्हा फारशी इच्छा नव्हती. म्हणून परगणे मदत करणाऱ्यांस वाटण्यात आले. अलवरच्या राजाचा वकील अहमदबक्षखान याला फिरोजपूर झिरका मिळाले. तिजारा आणि टपूकडा १८०५ मध्ये अलवर दरबाराकडे गेले. अप्पा खंडेरावांनी एका नेमणुकीत एकत्र ठेवलेले तीन परगणे येथे विभागले गेले ते कायमचेच. आज फिरोजपूर झिरका हरियाणात आणि तिजारा व टपूकडा राजस्थानात आहेत.

या वाटणीची एक शाखा उर्दू साहित्याच्या इतिहासात जाते. मिर्झा गालिबचा चुलता नसरुल्ला बेग हा मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा किल्लेदार होता. त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाचे निवृत्तिवेतन फिरोजपूर झिरक्याच्या उत्पन्नावर बसवण्यात आले. गालिबच्या वाट्यास वर्षाकाठी ७५० रुपये येत. आपला हिस्सा कमी केला गेला, या तक्रारीसाठी त्याने थेट कलकत्ता गाठले, पण दाद मिळाली नाही. दिल्लीतील गव्हर्नर-जनरलचा प्रतिनिधी विल्यम फ्रेझर याच्या १८३५ मधील खुनाबद्दल अहमदबक्षचा मुलगा नवाब शम्सुद्दीन याला फाशी झाली. तो कवी दाग याचा पिता. त्यानंतर फिरोजपूर खालसा होऊन गुडगाव जिल्ह्यास जोडले गेले.

गुडगाव जिल्ह्याची जडणघडण १८१९ च्या सुमारास दिल्ली प्रदेशाची विभागणी झाली तेव्हाची. १८५७ च्या उठावात मेवांनी मोठा भाग घेतला आणि त्याची किंमत फाशी, जाळपोळ व जमीनजप्ती या रूपाने मोजली. १८५८ मध्ये दिल्ली प्रदेश पंजाबला जोडण्यात आल्यामुळे या खेड्यांचे वरिष्ठ कार्यालय लाहोरला गेले. नंतरच्या काळात आलेले लोहमार्गही मेवातला वळसा घालून गेले. एक पश्चिमेकडून गुडगाव-रेवाडीमार्गे, दुसरा पूर्वेकडून पलवलमार्गे मथुरेस. मधला नूहचा पट्टा तसाच राहिला. १९२० च्या दशकात उपायुक्त ब्रेन (हरियाणा-पंजाबात जिल्हाधिकाऱ्यास उपायुक्त म्हणतात) याने गुडगावात ग्रामसुधारणेचा मोठा प्रयोग केला. त्यावरील त्याचे ग्रंथ गाजले, पण त्याच्या बदलीनंतर प्रयोगाचा जोर ओसरला.

१९४७ साली अलवर व भरतपूर संस्थानांतून हजारो मेव कुटुंबे गुडगावच्या हद्दीत लोटली गेली. संस्थानाची सीमा तेव्हा प्रथमच जीवनमरणाची सीमा ठरली. पाकिस्तानकडे निघालेल्या मेवांना थोपवण्यासाठी गांधीजी १९ डिसेंबर १९४७ रोजी नूहजवळील घासेडा येथे गेले. त्यांच्या हत्येनंतर १९४८ मध्ये विनोबा भावे दिल्लीस आले आणि निर्वासितांबरोबरच मेवांच्या पुनर्वसनातही काही महिने गुंतले. मेवातच्या इतिहासात मराठी माणसाचा हा दुसरा प्रवेश पहिल्याच्या अगदी उलट जातीचा होता: परगणे वसुलीसाठी नेमून देण्याऐवजी जमिनी मूळ मालकांना परत मिळवून देण्याचा.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले. १९८० मध्ये मेवात विकास मंडळ स्थापन झाले. स्वतंत्र जिल्हा होण्यास मात्र आणखी पंचवीस वर्षे लागली. २००५ मध्ये जिल्ह्यात असलेला हथीन भाग २००८ मध्ये नव्या पलवल जिल्ह्यात गेला. २०११ च्या जनगणनेनुसार उरलेल्या १५०७ चौरस किलोमीटरांत १०,८९,२६३ लोक राहत होते; त्यांपैकी सुमारे ७९ टक्के मुसलमान आणि ८८ टक्क्यांहून अधिक ग्रामीण होते. साक्षरता ५४.०८ टक्के होती, तर राज्याची ७५.५५. स्त्रियांमधील साक्षरता तर ३७ टक्क्यांच्याही आत होती. शेजारच्या गुडगावात याच काळात बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि २००५ पूर्वी त्याच जिल्ह्याच्या सरासरीत नूहचे आकडे झाकले जात होते. जिल्हा वेगळा झाल्याचा हा एक निर्विवाद लाभ: मागासलेपण मोजता येऊ लागले. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची पहिली क्रमवारी काढली, तीत हा जिल्हा तळाशी होता.

पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याची हद्द आजही अपुरी पडते. ओखल्याहून निघणारा गुडगाव कालवा यमुनेचे पाणी आणतो, पिण्याचे पाणी यमुनाकाठच्या विहिरींतून नळाने आणावे लागते आणि पावसाचा बराच लोंढा राजस्थानच्या बाजूच्या डोंगरांतून उतरतो. नूहच्या उपायुक्ताचा अधिकार यांपैकी कोणत्याही उगमापर्यंत पोहोचत नाही. पालांच्या पंचायतींना मात्र आजही राज्याची सीमा ओलांडून बोलावणे जाते, आणि फिरोजपूरच्या बैठकीस तिजाऱ्याचे चौधरी येतात.