निगेवर पोसलेले फूल : इंग्लंडमधील शारदीय अ‍ॅस्टरचा इतिहास

महाराष्ट्रातील फूलबाजारात दसरा-दिवाळीच्या सुमारास अ‍ॅस्टर या नावाने जे फूल विकले जाते, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चिनी अ‍ॅस्टर असून एका हंगामापुरतेच जगते आणि दर वेळी बियांपासून नव्याने लावावे लागते. इंग्लंडच्या बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निळ्या-जांभळ्या ताटव्यांनी फुलणारे अ‍ॅस्टर याच सूर्यफूल कुळातले असले, तरी ते निराळे झाड आहे. हिवाळ्यात त्याचा जमिनीवरचा भाग वाळून जातो, मुळे जिवंत राहतात आणि वसंतात त्यांतून पुन्हा फुटवे येतात. २९ सप्टेंबरला येणाऱ्या संत मायकेलच्या सणाच्या, म्हणजे मायकेलमसच्या आगेमागे ते फुलते म्हणून इंग्रज माळी त्याला मायकेलमस डेझी म्हणत आले. हा दिवस इंग्लंडच्या ग्रामीण जीवनात खंड चुकता करण्याचा आणि गडीमाणसे कामावर ठेवण्याचा होता; या फुलाच्या भाग्याचा चढउतारही बागेत राबणारे हात किती आणि काय मोलाने मिळतात, यावरच बव्हंशी ठरत गेला.

युरोपला स्वतःचे एक शारदीय अ‍ॅस्टर पूर्वीपासून होते. व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’च्या चौथ्या सर्गात, मधमाश्या आजारी पडल्या असता ज्या अमेलस नावाच्या फुलझाडाची मुळे मद्यात शिजवून पोळ्याच्या तोंडाशी ठेवावीत असे सांगितले आहे, ते हेच मानले जाते आणि त्याचे शास्त्रीय नावही अ‍ॅस्टर अमेलस असेच आहे. मात्र मायकेलमस डेझीची मुख्य परंपरा सुरू झाली ती अटलांटिकपलीकडून. सतराव्या शतकात लंडनजवळ लॅम्बेथ येथे दुर्मीळ वनस्पतींची बाग करणारे ट्रेडस्कंट पितापुत्र, आणि त्यांच्या मागोमाग इतर संग्राहक, यांच्या हातून उत्तर अमेरिकेतील अनेक अ‍ॅस्टर युरोपात आले. त्यांपैकी दोन जाती पुढे महत्त्वाच्या ठरल्या. ओलसर जमिनीत वाढणाऱ्या, गुळगुळीत पानांच्या नोव्ही-बेल्गी जातीला न्यूयॉर्क अ‍ॅस्टर म्हणतात, कारण न्यूयॉर्कच्या परिसरात पूर्वी डचांची वसाहत होती आणि तिचे लॅटिन नाव नोव्हा बेल्जिका असे होते. तर केसाळ पानांच्या आणि चिवट देठांच्या नोव्ही-अँग्लिई जातीला न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर म्हणतात. लिनिअसने १७५३ मध्ये दोघांची नोंद केली खरी, परंतु या झाडांत आपापसांत इतका संकर होतो की जातींच्या सीमा आखणे जिकिरीचे होऊन बसते. हार्वर्डचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांच्यासारख्यालाही या प्रजातीने आयुष्यभर पिडले.

सुमारे दोनशे वर्षे इंग्रज बागेत या पाहुण्यांना फारसा मान नव्हता. उंच, खालून उघडी पडणारी, फिकट फुलांची आणि जमिनीखालून मुनवे सोडून भराभर पसरणारी ही झाडे झुडपांच्या कडेला लावली जात आणि डोईजड झाली की उपटून कुंपणाबाहेर फेकली जात. फेकलेली मुळे तिथेच रुजली, आणि आजही इंग्लंडमधील रेल्वेच्या बांधांवर शरदात जे अ‍ॅस्टर फुलताना दिसतात, ते बरेचसे या हकालपट्टीचे वंशज आहेत.

दृष्टी पालटली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हिक्टोरियन काळातील धनिकांच्या बागांत काचघरात वाढवलेली हंगामी रोपे उन्हाळ्यापुरती वाफ्यांत भरून नक्षी काढण्याची रीत होती. तिच्याविरुद्ध विल्यम रॉबिन्सन यांनी ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (१८८३) या ग्रंथांतून मोहीम उघडली. एकदा लावले की आपल्या बळावर वर्षानुवर्षे तगणारी, थंडी सोसणारी झाडे त्यांना हवी होती आणि अ‍ॅस्टर या कसोटीला उतरत होते. त्यानंतर गर्ट्रूड जेकिल यांनी सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथील आपल्या बागेत केवळ शरदासाठी अ‍ॅस्टरचा स्वतंत्र ताटवा केला. उन्हाळ्यातच रोपांमध्ये डहाळ्या रोवायच्या, म्हणजे वाढ त्यांतून वर येऊन आधार झाकून टाकते, ही त्यांची पद्धत. मात्र बिननिगेचे म्हणून प्रतिष्ठा पावलेले झाड पहिल्याच पिढीत आधार देणाऱ्या, बांधणाऱ्या, दर वर्षी उपटून लावणाऱ्या माळ्यांच्या हाती गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. रॉबिन्सन यांची शिकवण आणि जेकिल यांची बाग यांतला हा विरोध त्यांच्या चाहत्यांनी सहसा नजरेआड केला आहे.

झाडाचे खरे रूपांतर झाले ते हेरफर्डशायर परगण्यातील कोलवॉल या गावात, मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी. कालवा व रेल्वेमार्गांची कामे करणारे अभियंता स्टीफन बॅलर्ड यांनी या गावात सिरक्याचा कारखाना काढला होता. त्यांचे पुत्र अर्नेस्ट बॅलर्ड यांनी छंद म्हणून अ‍ॅस्टरचे संकर करण्यास आरंभ केला आणि १९०६ मध्ये ओल्ड कोर्ट नर्सरीज ही रोपवाटिका स्थापन केली. अ‍ॅस्टरचे फूल म्हणजे वस्तुतः पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो, मधला पिवळा भाग नळीसारख्या फुलांचा आणि भोवतीची झालर पट्टीसारख्या फुलांची; झालरीच्या रांगा वाढल्या की फूल भरगच्च दिसते, ज्याला माळी दुहेरी फूल म्हणतात. बॅलर्ड यांच्या ‘ब्यूटी ऑफ कोलवॉल’ या दुहेरी, फिकट निळसर वाणाला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९०७ मध्ये प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दिले आणि तेथून जवळजवळ अर्धे शतक नोव्ही-बेल्गी गटाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या एका रोपवाटिकेचा इतिहास झाला. फुले मोठी झाली, रानटी झाडातल्या धुरकट जांभळ्यातून गुलाबी, किरमिजी, शुभ्र आणि खऱ्या निळ्याच्या जवळ जाणाऱ्या छटा निघाल्या, उंची उतरली. हर्टफर्डशायरमधील आल्डनम हाउस या मोठ्या इस्टेटीचे मुख्य माळी एडविन बेकेट यांनीही याच सुमारास ‘क्लायमॅक्स’सारखे उत्तम वाण काढले; पण त्यांच्यामागे धनिकाची बाग होती, तर बॅलर्ड यांना रोपे विकायची होती, आणि विकायचे असल्यामुळेच दर हंगामाला काही नवे दाखवणे त्यांना भाग होते.

या निवडीची किंमत निगेच्या रूपाने चुकवावी लागली. संकरित वाण बियांपासून जसाच्या तसा येत नाही, म्हणून त्याचे ठोंब फोडूनच वाढ करावी लागते. वसंतात ठोंब उपटून त्याचा मधला लाकडासारखा जुनाट भाग टाकून द्यायचा, कडेचे मुळांसह आलेले जोमदार फुटवे तेवढे निवडायचे आणि कुजलेल्या खताने सकस केलेल्या जमिनीत नव्याने लावायचे, हे काम दर दोन-तीन वर्षांनी आणि प्रदर्शनासाठी फुले हवी असतील तर दर वर्षी करावे लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंडे खुडले की झाड बुटके व फांदीदार होते, मात्र बहर थोडा लांबतो. मुळांशी ओल कमी पडली की पानांवर भुरी येते. द्राक्षबागाईतदारांना ज्या पांढऱ्या बुरशीचा धाक असतो, तिच्याच गोतातली ही बुरशी, आणि तिच्यावर गंधकाची भुकटी हाच जुना इलाजही दोन्हीकडे सारखा. म्हणून उन्हाळ्यात भरपूर पाणी, मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दोन झाडांत वारा खेळेल इतके अंतर, हे नियम झाले. रानातल्या मूळ जातीला यांतले काहीच लागत नाही. माळीकामाच्या पुस्तकांत अ‍ॅस्टरचा स्वभाव म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळ अंशी कोलवॉलच्या निवडीचे फळ आहे.

दुसऱ्या महायुद्धात रोपवाटिकांच्या जमिनी अन्नपिकांकडे वळवाव्या लागल्या, बागांतले मजूर गेले आणि युद्धानंतर ते पूर्वीच्या मजुरीवर परतले नाहीत. बॅलर्ड १९५२ मध्ये वारले. ‘मेरी बॅलर्ड’ हा त्यांच्या परंपरेतला फिकट निळा, अतिशय देखणा वाण त्यांच्या पश्चात, १९५५ मध्ये बाजारात आला. परंतु तोवर या गटामागे भुरीखेरीज आणखी दोन पिडा लागल्या होत्या. व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीने होणारा मर रोग झाडाच्या जलवाहिन्या बंद करतो आणि रोगट ठोंब फोडून लावला की प्रत्येक फुटव्याबरोबर नव्या वाफ्यात जातो. डोळ्यांना न दिसण्याइतका सूक्ष्म असा एक कोळी कळ्यांमध्ये शिरून फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके आणतो. एकाच झाडाचे तुकडे करकरून देशभर पोहोचवण्याची जी रीत धंद्याला उपकारक ठरली, तीच रोगालाही ठरली. औषध फवारायला आणि ठोंब फोडायला माणूस न उरलेल्या लहान बागांतून नोव्ही-बेल्गी गट हळूहळू हद्दपार झाला, आणि त्याची बदनामी साऱ्याच अ‍ॅस्टरांना चिकटली.

ती काही अंशी अन्यायाची होती. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टरला भुरी क्वचितच लागते, ते चिकणमातीतही तगते आणि ठोंब वर्षानुवर्षे न फोडता राहू शकतो. देठांचा खालचा भाग उघडा पडतो, तेवढे पुढे एखादे बुटके झाड लावून झाकता येते. दुसरा पर्याय निघाला तो स्वित्झर्लंडमधून, आणि त्याची एक शाखा हिमालयापर्यंत जाते. श्टेफा येथील रोपवाटिकाकार कार्ल लुडविग फ्रिकार्ट यांनी १९२०च्या सुमारास युरोपीय अ‍ॅस्टर अमेलसचा पश्चिम हिमालयातील अ‍ॅस्टर थॉमसोनाय या जातीशी संकर केला आणि रोपांना आल्प्समधील शिखरांची नावे दिली. त्यांतले ‘म्योंख’ ऐन उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत फुलत राहते, त्याला भुरी लागत नाही आणि ठोंब फोडायचा तो केवळ वसंतात, कारण शरदात फोडलेली रोपे हिवाळ्याच्या ओलीत कुजतात. काश्मीरच्या बाजूने आलेल्या या वंशाची नोंद भारतीय बागकामाच्या पुस्तकांत ठळकपणे व्हायला हवी होती.

१९९४ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी अ‍ॅस्टर प्रजातीची फेरमांडणी केली आणि अमेरिकेतील बहुतेक जाती तिच्यातून बाहेर पडल्या. न्यूयॉर्क व न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर आता शास्त्रात सिम्फिओट्रायकम म्हणून ओळखले जातात, तर अमेलस आणि फ्रिकार्ट यांचा संकर अ‍ॅस्टरच राहिले. कोलवॉलची रोपवाटिका बॅलर्ड यांच्यानंतर पर्सी पिक्टन यांनी चालवली, ज्यांनी तरुणपणी ग्रेव्हटाय मॅनर येथे रॉबिन्सन यांच्याच बागेत काम केले होते, आणि ती पुढेही पिक्टन कुटुंबाकडेच राहिली. तेथे शारदीय अ‍ॅस्टरचा राष्ट्रीय संग्रह असून त्यात चारशेहून अधिक वाण आहेत. त्यांतील बॅलर्ड परंपरेचे वाण टिकवायचे तर निगेची जुनी शिस्त अजूनही सोडता येत नाही. फरक एवढाच की मर रोगाची शंका येताच ठोंब न फोडता वसंतातल्या कोवळ्या शेंड्यांची कलमे स्वच्छ मातीत लावली जातात, कारण बुरशी मुळाकडून वर चढत असल्याने झपाट्याने वाढणारा शेंडा बहुधा तिच्यापासून मुक्त असतो.