पहिलटकरणीची मच्छरदाणी

मच्छरदाणी ही काही शास्त्रज्ञांनी शोधून काढलेली वस्तू नव्हे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तबद्दल लिहिले, त्यात नाईलच्या दलदलीतल्या लोकांची एक युक्ती नोंदवली आहे. हे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडत, तेच जाळे रात्री बिछान्याभोवती लावून आत झोपत. इंग्रजीतला ‘कॅनपी’ हा शब्दसुद्धा डासाच्या ग्रीक नावावरून आला आहे. म्हणजे जाळी फार जुनी. ती लावायची ती डासांनी झोपमोड करू नये म्हणून. तिच्यामुळे एखाद्या आईचा आणि तिच्या पोटातल्या बाळाचा जीव वाचू शकतो, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते सिद्ध करायला ते शतक संपावे लागले. या उशिराची हकिकत शिक्षकांनी समजून घेण्याजोगी आहे.

ओस्टियाची झोपडी

‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हिवताप येतो, अशी पक्की समजूत होती. १८८० साली लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो वाढताना दिसला. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डास पसरवतो हे दाखवून दिले.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. मग १९०० साली लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी एक साधा प्रयोग योजला. रोमजवळ ओस्टियाच्या दलदलीत, ऐन हिवतापाच्या हंगामात, सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर जाळ्या लावलेल्या लाकडी झोपडीत जाऊन राहिले. दिवसा ते बाहेर हिंडत. सूर्यास्ताआधी मात्र आत येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. रात्रीची ‘वाईट हवा’ जाळीतून आत येतच होती, अडत होते ते फक्त डास. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत असताना हे दोघे हंगामभर ठणठणीत राहिले. जाळीने हिवताप टळतो याचा हा स्वच्छ पुरावा होता. पण तो दोन धडधाकट पुरुषांबद्दलचा होता.

वारेत लपलेला ताप

गर्भारपणात हिवताप झाला तर गर्भपात होतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे येते, हे वैद्यांना आणि सुइणींना अनुभवाने माहीत होते. त्यामागचे कारण मात्र कळत नव्हते. १९१५ साली पनामा कालव्याच्या प्रदेशात काम करणाऱ्या हर्बर्ट क्लार्क या डॉक्टरांनी बाळंतपणानंतर पडलेल्या वारेतले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही बायकांच्या बोटातल्या रक्तात परोपजीवी सापडत नव्हते, पण त्यांच्याच वारेतल्या रक्तात ते मोठ्या संख्येने होते! बाई चालती-फिरती, अंगात ताप नाही, आणि बाळाला अन्न व प्राणवायू पुरवणाऱ्या अवयवात मात्र रोगाने ठाण मांडलेले.

याचा बाळावर काय परिणाम होतो? पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात इयन मॅकग्रेगर यांनी वारेचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे पाचवा हिस्सा नमुने बाधित निघाले, आणि अशा मातांच्या बाळांचे वजन सरासरी १७० ग्रॅमने कमी भरले. आपल्याकडे जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तिथे हा फरक ३५० ग्रॅम होता. अडीच किलोच्या बाळाच्या बाबतीत ३५० ग्रॅम म्हणजे किती, हे वेगळे सांगायला नको.

पहिलीच खेप का?

या सगळ्या अभ्यासांत एक कोडे वारंवार समोर येत होते. हिवतापाच्या प्रदेशात लहानाची मोठी झालेल्या बाईला बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते. तरीही पहिलटकरणीला हा रोग सर्वांत जास्त छळतो. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला त्रास कमी होत जातो. असे का?

उत्तर मिळाले १९९६ साली. फ्रीड आणि डफी या शास्त्रज्ञांनी केनियातल्या मातांच्या वारेतले परोपजीवी तपासले. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परोपजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी चिकट होते आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसते. वारेतले परोपजीवी चिकटत होते ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या पदार्थाला, आणि वारेत तो भरपूर असतो. बाईला आयुष्यात पहिल्यांदा दिवस जातात, तेव्हा परोपजीवीला जणू नवे घर मिळते. तिथे टिकणाऱ्या जातीशी तिच्या शरीराची आधी कधी गाठच पडलेली नसते. पुढच्या खेपेपर्यंत तिच्या रक्तात त्या जातीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात.

डासही गर्भवतीकडे अधिक ओढले जातात. गांबियात ३६ गर्भवती आणि ३६ इतर बायकांना एकसारख्या झोपड्यांत झोपवून डास मोजले, तेव्हा गर्भवतींकडे ते दुप्पट आले (२०००). गर्भवतीचा श्वासोच्छ्वास मोठा असतो आणि तिचे अंग थोडे जास्त ऊबदार असते. डास तर माणसाचा माग श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि उबेवरून काढतो. याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासाने एक अगदी घरगुती गोष्ट दाखवून दिली. गर्भवतीला रात्री लघवीसाठी इतरांच्या दुप्पट वेळा मच्छरदाणीबाहेर यावे लागते.

जाळीला औषध

साध्या मच्छरदाणीची अडचण आपण सगळे जाणतो. ती फाटते, हात जाळीला टेकला की डास बाहेरून चावतो. १९७३ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत मायकेल एलियट यांच्या गटाने परमेथ्रिन हे कीटकनाशक तयार केले. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात नैसर्गिक कीटकनाशक असते, त्याच्या नमुन्यावर ते बेतलेले होते, आणि उन्हात लवकर न विघटणारे होते. फ्रेंच संशोधकांनी बुर्किना फासोत अशा औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्या वापरून पाहिल्या. त्यांतल्या काही मुद्दाम भोके पाडलेल्या होत्या. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले, की औषध असेल तर फाटकी जाळीही कामाची ठरते. डास जाळीवर बसतो आणि मरतो, किंवा पळून जातो.

१९९१ मध्ये गांबियातून बातमी आली, की अशा मच्छरदाण्यांमुळे एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले. मग गर्भवतींचे काय?

प्रयोगांची उत्तरे वेगवेगळी

इथे विज्ञानाची खरी कसोटी लागली. १९९६ साली गांबियातल्या प्रयोगात पहिलटकरणींना पावसाळ्यात फायदा दिसला. १९९८ साली केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफीतल्या प्रयोगात मात्र पहिलटकरणींना लक्षणीय फायदा दिसला नाही. कोणाचे खरे मानायचे? एवढ्यावर ‘गर्भवतीला मच्छरदाणीचा उपयोग नाही’ असे कोणी ठरवले असते, तर सरकारी पैसा दुसरीकडे वळला असता.

निर्णायक काम पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी झाले. तिथे वर्षभर हिवताप असतो. मच्छरदाण्या कोणाला द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, पण एकेका बाईसाठी नव्हे, तर अख्ख्या गावासाठी. कारण औषधाची जाळी डास मारते, त्यामुळे तिचा फायदा शेजारणीलाही होतो. मग दोघींची तुलना करून फरक कसा दिसणार? याच प्रकल्पात पुढे आढळले, की ज्या घरात मच्छरदाणी नाही, पण जवळपास तीनशे मीटरच्या आत मच्छरदाण्यांचे गाव आहे, त्या घरालाही संरक्षण मिळते.

टेर कुइले आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या चार खेपांच्या बायकांमध्ये हिवतापाच्या परोपजीवींची लागण ३८ टक्क्यांनी, हिवतापामुळे होणारा तीव्र रक्तक्षय ४७ टक्क्यांनी आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. पाचव्या खेपेपासून फायदा दिसला नाही. प्रतिपिंडांची हकिकत आठवली, की हेही कोडे सुटते. २००६ साली सगळ्या प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा आफ्रिकेत पहिल्या काही खेपांमध्ये गर्भ किंवा बाळ दगावण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्याचे निघाले.

फुकट की विकत?

आता प्रश्न उरला पैशाचा. ‘फुकट मिळाले की मोल राहत नाही’ असे आपण म्हणतो. आंतरराष्ट्रीय संस्थांतही असे म्हणणारे पुष्कळ होते. थोडी का होईना किंमत लावा, म्हणजे बाई मच्छरदाणी नीट वापरील. नाहीतर तिचे मासे पकडायचे जाळे होईल, असा त्यांचा मुद्दा. (हिरॉडोटसच्या नेमके उलट!) जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा या अर्थतज्ज्ञांनी वाद न घालता प्रयोग केला. पश्चिम केनियातल्या गर्भवतींच्या तपासणी केंद्रांत त्यांनी वेगवेगळ्या किमती ठेवल्या. फुकटऐवजी सुमारे ६० अमेरिकी सेंट किंमत लावताच मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६० ने कोसळले. आणि ज्यांनी पैसे मोजले, त्या फुकट घेणाऱ्यांपेक्षा ती जास्त वापरत होत्या असेही आढळले नाही. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २००७ साली, जागतिक आरोग्य संघटनेने मच्छरदाण्या मोफत किंवा नाममात्र किमतीत द्याव्यात अशी भूमिका घेतली होती.

लढाई संपलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आफ्रिकेतल्या ३३ देशांत साडेतीन कोटी गर्भवतींपैकी सुमारे सव्वा कोटींना हिवतापाची लागण झाली. डासही जुन्या औषधाला सरावले आहेत, म्हणून २०२३ मध्ये दोन औषधांच्या नव्या जाळ्यांची शिफारस करण्यात आली. आपल्या गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातही हिवतापाने गर्भवतीला सोडलेले नाही.

हा इतिहास वर्गात सांगताना मुलांना एकच प्रश्न विचारून पाहा: गावागावांसाठी चिठ्ठ्या का टाकल्या, एकेका बाईसाठी का नाही? उत्तर त्यांनाच शोधू द्या. आणि घरात कोणी गर्भवती असेल, तर घरातली एकुलती एक मच्छरदाणी रात्री कोणाच्या बिछान्यावर असते, तेही पाहून यायला सांगा.