पालांची जागा

होळी आठ दिवसांवर आली की चकलांब्यात आमच्या आजीचे कान गाढवांच्या ओरडण्याकडं लागायचे. "आले गं बाई मढीवाले," म्हणत ती बाजरीच्या कडक भाकरी टोपल्यात भरायची, वर लसणाचा ठेचा. विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर पालं पडायची. कैकाडी, वैदू, एखाद्या साली गोपाळ.

कानिफनाथांची मढी पाथर्डी तालुक्यात. तिला भटक्यांची पंढरीच म्हणतात. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, गाढवांचा बाजार, प्रसादाला रेवडी. आजीच्या सांगण्यात इतिहास आणि गोष्ट यांची गाठ सुटायची नाही. शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी नाथाला नवस केला. १७०७ साली राजे सुटले अन् मढीच्या गडाचं बांधकाम निघालं. दगड गोपाळांनी वाहिले, म्हणून होळी पेटवायचा मान त्यांचा. कळसाला टेकते ती काठी कैकाड्यांची. "मजुरी सरती बाबा, मान सरत नसतो."

पुढं इकडं निजाम आला, तिकडं नगर इंग्रजाचं झालं. इंग्रजानं १८७१ साली कायदा काढून कितीक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला, तरी गावं पालांकडं वाकड्या नजरेनंच बघायची. आजी फणकारायची, "चोर असते तर तुराट्यांची कणगी अशी घट विणून दिली असती का?" ती कणगी माळवदाच्या घरात मी पाहिली आहे, की तिच्याच तोंडून इतकी ऐकली की पाहिल्यासारखी वाटते, देव जाणे.

मागं रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले. सातबाऱ्यावर आमचं नाव, म्हणून आम्हालाच विचारलं. आम्ही म्हणालो, पडीक आहे. त्या साली यात्रेला निघालेली एक म्हातारी कैकाडीण बांधावर उभी राहून बोट दाखवत गेली: इथं सासूची चूल, इथं गाढवांच्या खुंट्या, या लिंबाखाली थोरला झाला. मी मान खाली घातली. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्यांच्या हंगामी वहिवाटीला जागा आहे, पण ती रानातली. आमच्या वावरातली आजीच्या शब्दावरच टिकली होती.

तेव्हापासून नांगर तिथून वळवून नेतो. यंदा परतताना म्हातारीनं रेवडी हातावर ठेवली अन् विचारलं, "तुमची आजी भाकर कडक करायची. आता करतं का कुणी?"