लेसर डायोडच्या ड्रायव्हरचा इतिहास : तुर्भ्यापासून देऊळगाव राजापर्यंत

१/ विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हीसीडी प्लेअर स्वस्त झाले आणि देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिरापुढे एक अनोळखी यंत्र येऊन पडले. तबकडी फिरे, पण चित्र अडखळे. यंत्र उघडले की लेन्सच्या पिकअपला चिकटलेला एक इवलासा प्रिसेट दिसे. पेचकसाने तो किंचित फिरवताच चित्र सुरळीत होई. काही दिवसांनी तेच यंत्र परत येई, आणि या वेळी लेसर कायमचा विझलेला असे.

२/ त्या प्रिसेटमागे साडेतीन दशकांचा इतिहास होता. या काळात अर्धवाहकातून लेसरचा प्रकाश काढणे जितके कठीण ठरले, तितकेच त्याला योग्य प्रवाह पुरवणे कठीण ठरले. दुसऱ्या गोष्टीची चर्चा मात्र फारच कमी झाली.

३/ आरंभ १९६२ सालचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म स्फटिकातून लेसर मिळवला. पण तो स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, बुडवावा लागे आणि प्रवाह केवळ काही मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी द्यावा लागे. प्रवाह सतत दिला असता, तर स्फटिक स्वतःच्याच उष्णतेने निकामी झाला असता.

४/ मुंबईजवळ तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनेत (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) १९६० च्या दशकाच्या मध्यातच असा लेसर तयार झाला. हॉल यांच्या प्रयोगानंतर अवघ्या काही वर्षांत! त्याच लेसरच्या आधारे तुर्भे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात खाडी ओलांडून पंधरा-वीस किलोमीटरचा प्रकाशीय संदेशवहनाचा दुवा जोडला गेला. ज्या काळी मुंबईबाहेर ट्रंक कॉल लागायला तासन्‌तास वाट पाहावी लागे, तो हा काळ.

५/ त्या पिढीच्या लेसरला झटका देण्याची प्रचलित रीत अशी : संधारित्र भारित करायचा आणि थायरिस्टर या स्विचमधून तो एका क्षणात लेसरमध्ये रिता करायचा. प्रवाह दहा-वीस, कधी तीसचाळीस अँपिअर. अडचण येई ती साध्या तारेची. सेंटीमीटरभर तारेतही सुमारे १० नॅनोहेन्री इतके प्रेरकत्व असते. ५० नॅनोसेकंदांत ३० अँपिअर गाठायचे, तर तेवढ्याच तुकड्यावर ६ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून ड्रायव्हर लेसरला अगदी खेटून बांधावा लागे.

६/ १९७० साली चित्र पालटले. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह यांचा गट आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी जवळजवळ एकाच वेळी सामान्य तापमानाला अखंड चालणारा लेसर डायोड सिद्ध केला. अँपिअरच्या जागी आता मिलिअँपिअर पुरू लागले. १९७९ साली पुण्यात दोन टेलिफोन केंद्रांमध्ये देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी प्लेअर बाजारात आला.

७/ प्रवाह घटला, पण नाजूकपणा वाढला. साध्या बल्बला ठरावीक व्होल्टेज दिले की काम भागते. लेसर डायोडमध्ये व्होल्टेज किंचित वाढले तरी प्रवाह भरमसाट वाढतो, म्हणून नियंत्रण प्रवाहाचेच करावे लागते. एका उंबरठ्याखाली तो मंद मिणमिणतो. उंबरठा ओलांडला की प्रकाश झपाट्याने चढतो. मर्यादेपलीकडे गेला की स्फटिकाचे आरशासारखे टोक स्वतःच्याच प्रकाशाने भाजून जाते. त्याला सेकंदाचा अब्जांश भागही पुरतो. फ्यूज तिथे काय कामाचा?

८/ त्यातच तापमान वाढले की हा उंबरठाही वर सरकतो. उपाय म्हणून लेसरच्या डबीतच, त्याच्या पाठीशी, एक प्रकाशसंवेदी डायोड बसवण्यात आला. प्रकाश मंदावला की ड्रायव्हर आपोआप प्रवाह वाढवी. प्रकाश किती राखायचा, हे तो इवलासा प्रिसेट ठरवी. कारखान्यात तो प्रकाशमापकावर एकदा लावला जाई आणि पुढे त्याला हात लावणे अपेक्षित नसे.

९/ नवा ड्रायव्हर जुळवताना जाणकार प्रथम खरा लेसर जोडतच नसत. त्याच्या जागी दोन-तीन साधे डायोड आणि एक ओहमचा रोधक ओळीने लावून, यंत्र चालू-बंद करताना प्रवाह क्षणभर उसळतो का, हे ऑसिलोस्कोपवर पाहत. प्रिसेट किमान प्रवाहाच्या टोकाला ठेवून आरंभ करत. जुन्या प्रिसेटचा सरकता स्पर्श सुटला, तर प्रवाह वाढण्याऐवजी कमीच व्हावा, अशी त्याची जोडणी करणे ही या विद्येतली खरी हुशारी.

१०/ तालुक्याच्या कारागिराकडे ऑसिलोस्कोप कुठला! पण मल्टिमीटर होता, आणि सोनीच्या अनेक पिकअपच्या चिठ्ठीवर एक गुपित छापलेले असे. अखेरचे तीन अंक ४७२ असले, तर नव्या लेसरचा प्रवाह ४७.२ मिलिअँपिअर. ड्रायव्हरमधील रोधक बहुधा २२ ओहमचा. त्यावर सुमारे १.०४ व्होल्ट मिळाले, तर लेसर ठणठणीत. प्रवाह दहा टक्क्यांहून अधिक चढलेला आढळला, तर लेसर थकलेला. मग प्रिसेट फिरवणे म्हणजे मरणाऱ्या बैलाला चाबूक मारणे, पिकअपच बदललेला बरा. आणि आकडा जुळत असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुतेक वेळा लेन्सवर बसलेल्या धुळीचा असे. अशा वेळी प्रिसेटला न शिवता, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन लेन्स हलक्या हाताने पुसली की यंत्र गिऱ्हाइकाच्या हवाली करता येई.