हद्द गेली, कर राहिला

जयपूरहून अजमेरला निघालेल्या प्रवाशास वाटेत किशनगड लागते. रसिकांना हे गाव चित्रशैलीमुळे ठाऊक असते, व्यापाऱ्यांना संगमरवरामुळे. भारतीय राज्यघटनेच्या इतिहासातही त्याला एक लहानसा कोपरा लाभला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी नसते.

१८१८ साली दौलतराव शिंद्यांकडून अजमेर इंग्रजांकडे गेले आणि संस्थानांनी वेढलेला तो एक ब्रिटिश मुलूख बनला. संस्थानी जकातींनी व्यापाऱ्यास पावलोपावली अडवावे, हा राजपुतान्याचा जुना रिवाज. तथापि मोटारींच्या बाबतीत अजमेर व किशनगड यांनी समजूतदारपणे एक करार केला होता. एकाकडे नोंदलेल्या गाडीवर दुसऱ्याने कर घ्यावयाचा नाही, असा तो करार.

पुढे किशनगड राजस्थानात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली व तिच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार व दळणवळण मुक्त राहील अशी ग्वाही दिली. (माजी संस्थानी राज्यांना जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा ३०६ व्या कलमाने दिली होती, ते कलम १९५६ साली गेले.) आता वाट अधिकच मोकळी होईल असे कोणासही वाटले असते. घडले ते उलट. १ एप्रिल १९५१ पासून राजस्थानचा मोटारकराचा कायदा लागू झाला आणि जयपूरच्या करअधिकाऱ्याने अजमेरच्या बसमालकांकडे १९५४ च्या मार्चअखेरपर्यंतचा कर मागितला. त्यांच्या नसिराबाद-देवळी मार्गाचा बहुतेक भाग अजमेर राज्यात होता. राजस्थानच्या अरुंद पट्ट्या मध्ये येत, एवढेच. अजमेर-किशनगड मार्गाचा तिसरा हिस्सा राजस्थानात होता. दोन राजवटींनी जे सामोपचाराने मिटविले होते, ते एका राष्ट्राच्या छत्राखाली वादाचे कारण झाले.

बसमालक उच्च न्यायालयात हरले व सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९६२ रोजी सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. रस्ते वापरणाऱ्याकडून त्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापारास अडथळा ठरत नाही, असे बहुमताने ठरले. विरोधी मतात न्या. हिदायतुल्ला यांच्यासह न्या. जनार्दन मुधोळकर होते. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे र. न. मुधोळकर यांचे ते चिरंजीव. करास अडथळा मानणाऱ्यांत एक वऱ्हाडी न्यायमूर्ती होता, याचे आपणांस कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुमताची अडचणही खरी होती. राज्याने रस्ते बांधावेत, तर पैसा कोठून आणावा?

दैवदुर्विलास असा की, निकाल लागला तेव्हा ती हद्दच उरली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अजमेर राजस्थानात सामील झाले होते. पुढे २०१६ साली नऊ न्यायमूर्तींनी मोबदल्याच्या कराचा तो सिद्धांतही मोडीत काढला; पण त्याचबरोबर, भेदभाव नसेल तर राज्याचा कर मुक्त व्यापाराच्या आड येत नाही, असेही ठरविले. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने मालावरील अनेक कर एकत्र आले. मोटारकर मात्र राज्यांच्याच हाती राहिला.

बदलीच्या गावी स्वतःची गाडी घेऊन गेलेल्यास हे निराळे सांगावयास नको. बारा महिन्यांनंतर नवी नोंदणी व नवा कर, हा फेरा चुकविण्यासाठी सरकारी नोकरांना २०२१ पासून ‘भारत’ मालिकेचा क्रमांक मिळू लागला. अजमेर-किशनगडच्या जुन्या कराराने जे साधले होते, त्याच्या जवळपास येण्यास आपणांस सत्तर वर्षे लागली. नकाशावरील रेघ पुसणे सोपे; दप्तरातील रेघ पुसावयास मात्र शेजाऱ्याशी बसून बोलावेच लागते.