फलटणच्या धाटातलं इंधन

1968 साली बनविहारी निंबकरांनी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, तेव्हा इंधन तिच्या विषयपत्रिकेवर नव्हतं. साताऱ्याचा हा पूर्वेकडचा टापू पर्जन्यछायेतला. कालव्याखाली ऊस, कालव्याबाहेर माळ. संस्थेचं काम चाले ते करडई, ज्वारी अशा पिकांवर.

1981 मध्ये नंदिनी निंबकर आणि अनिल राजवंशी हे दांपत्य अमेरिकेतून फलटणला आलं. राजवंशी आयआयटी कानपूरचे, फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर डॉक्टरेट केलेले. शेती आणि ऊर्जा तिथून एकाच आवारात नांदू लागल्या.

त्यातून उभं राहिलेलं सगळ्यात मोलाचं काम गोड ज्वारीचं. कणसाचे दाणे माणसाला, धाटाचा रस इथेनॉलला आणि चोथा जनावराला, असं हे तीन घरांचं पीक. चार महिन्यांत निघतं आणि उसापेक्षा कितीतरी कमी पाणी पितं. संस्थेने ‘मधुरा’ हे वाण तयार केलं. रस आंबवून त्याचं ऊर्ध्वपातन सूर्याच्या उष्णतेवर करायचा प्रायोगिक प्रकल्पही 1980च्या दशकात चालवला. पुढे त्याच रसाची काकवीही केली.

मग चूल. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ निर्जल लागतं, आणि शेवटचं पाणी काढायलाच फार खटपट पडते. संस्थेने उलटा विचार केला: निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर स्टोव्ह पेटवायचा. पाण्यामुळे भडक्याची धास्ती कमी, रॉकेलचा वास नाही, भांड्याला काजळी नाही. स्टोव्ह जळला. आडवा आला तो उत्पादन शुल्काचा कायदा. अल्कोहोल म्हटलं की सरकारला आधी दारू आठवते; स्वयंपाकघर आठवायला वेळ लागतो.

शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून वायू करणारं गॅसिफायरही इथं झालं. तालुका हाच ऊर्जेचा घटक धरावा, हा राजवंशींचा आग्रह त्याच अनुभवातून आला.

1990च्या दशकात संस्था रस्त्यावर उतरली, सायकलरिक्षा घेऊन. जुनी रिक्षा ओढणाऱ्याचा जीव काढणारी. तिची रचना सुधारली, मग मोटर आणि बॅटरीवर चालणारी विजेची रिक्षा बनवली. 2002 साली राजवंशींनी ‘करंट सायन्स’मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. पुढे दिल्लीत ई-रिक्षांचा सुळसुळाट झाला, 2014 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्या रीतसर झाल्या. रिक्षा आधी, कायदा मागून, असा हा उलटा क्रम. राजवंशींना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

गोड ज्वारीचं मात्र घोडं अडलेलंच आहे. 2018च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तिचं नाव आलं. पेट्रोलमधल्या इथेनॉल मिश्रणाचं लक्ष्य वीस टक्क्यांवर गेलं. 2023च्या डिसेंबरात ऊस कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, तेव्हा तरी या पिकाची आठवण व्हायला हवी होती, असं मला वाटतं. पण अडचण खरी आहे. कापलेलं धाट लगेच गाळावं लागतं, नाहीतर साखर उतरते. कारखान्याची घडी बसली आहे ती उसावर, आणि शेतकरी एकच विचारतो: धाट घेणार कोण, आणि भाव काय देणार?